बाइटचा भाव

1 जानेवारीला विजयस्तंभाच्या अभिवादनासाठी कोरेगाव भीमाजवळ पेरणे फाट्यावर गर्दी लोटते आणि वाहिन्यांच्या ओबी व्हॅन उभ्या राहतात. त्या बघूनच इथल्या पोरांना मास कम्युनिकेशनचं वेड लागत असावं. उरलेलं वर्षभर याच रस्त्यावर सणसवाडी-रांजणगावच्या कंपन्यांच्या बस धावतात, तिकडे कोण बघतो!

हिशेब मांडू. खासगी विद्यापीठातली तीन वर्षांची पदवी, समजा साडेसात लाखांचं कर्ज. जमीन तारण नको, वडिलांची सही हवी. दहा टक्क्यांनी शिकतानाचं आणि पुढच्या सवलतीच्या वर्षाचं व्याज चढलं की झाले साडेदहा लाख. सात वर्षांत फेडायचे तर हप्ता साडेसतरा हजारांच्या घरात. आणि कमाई? तालुक्याच्या बातमीदाराला मानधन अनेकदा बातमीमागे मिळतं. वर दिवाळी अंकाच्या जाहिराती त्यानेच गोळा करायच्या. म्हणजे बाइट घ्यायचा नेत्याचा, आणि चावा बसायचा बापाला.

सरकार मात्र दयाळू. जुन्या करपद्धतीत या कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात सूट आहे. फक्त आधी कर लागेल इतका पगार पाहिजे.

तेव्हा पालकहो, माहितीपत्रकातलं ‘सर्वाधिक पॅकेज’ वाचू नका. सर्वांत कमी किती मिळालं ते विचारा, आणि लेखी मागा.