सव्वातेहतीस काका

आमच्या सोसायटीत त्यांना ‘सव्वातेहतीस काका’ म्हणतात. हे नाव त्यांना मुळीच मान्य नाही. नाव ठेवलं याचा राग नाही, आकडा चुकला याचा आहे. “सव्वा नाही हो, एक तृतीयांश! तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश! १९४८ साली अमेरिकेत कोलंबियाने लाँगप्ले काढली तेव्हापासून मिनिटाला एवढेच फेरे. तुम्ही लोकांनी सरळ बारावा हिस्सा गिळलात.”

फेऱ्याचा बारावा हिस्सा! सोसायटीत पाण्याच्या टँकरचा हिशेब कधी इतक्या बारकाईने झाला असता, तर दर वर्षीची सर्वसाधारण सभा रात्री साडेअकरापर्यंत लांबली नसती. पण ते असो.

काका बँकेतून निवृत्त झाले आणि मिळालेल्या फंडातला एक बारीकसा हिस्सा घेऊन तबकड्यांमागे लागले. असा एक तरी काका आता प्रत्येक शहरात सापडतो. पुण्यात तो बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात दिसतो, मुंबईला गेला की नातेवाइकांआधी चोरबाजाराला भेटतो. ओळखायची खूण सोपी आहे. पुस्तक घेणारा चार ओळी वाचून बघतो, हा उकिडवा बसून तबकडी उन्हात तिरकी धरतो आणि तिच्यावरच्या रेघोट्या वाचतो. मग कव्हराचा वास घेतो. वासात बुरशी आली की विक्रेत्याला म्हणतो, “दमट जागेत होती वाटतं,” आणि पन्नास रुपये कमी करून घेतो. लेबलावर एचएमव्हीचा कुत्रा असेल आणि तबकडी कलकत्त्याच्या डमडमच्या कारखान्यातली असेल, तर मात्र तोंडातून चकार शब्द काढत नाही. पैसे देऊन झपाझप चालू लागतो, विक्रेत्याला माल काय होता ते कळायच्या आत.

काका ज्याला ‘ध्वनियंत्रणा’ म्हणतात त्याला काकू ‘तो पसारा’ म्हणतात. दोघांचंही खरं आहे. जुन्या बाजारातून आणलेला एक टर्नटेबल, कोणीतरी घर बदलताना काढून टाकलेला अ‍ॅम्प्लिफायर, पुतण्याकडून आलेले दोन स्पीकर. सगळ्याचा मिळून खर्च एखाद्या बऱ्यापैकी मोबाइलएवढा. खालच्या हादऱ्यांचा सुईवर परिणाम होऊ नये म्हणून टर्नटेबल शहाबादी फरशीच्या तुकड्यावर ठेवलाय, आणि ती फरशी टेनिसच्या अर्ध्या कापलेल्या चार चेंडूंवर. सुई उड्या मारते म्हणून तिच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवलंय. सरकारने ते नाणं २०११ साली चलनातून काढलं. काकांच्या घरी ते अजून चालतं. या ओझ्याने खाचा झिजतात हे काकांना पक्कं ठाऊक आहे, पण उडी मारणारा मालकंस ऐकण्यापेक्षा झिजलेला परवडला.

सुरुवातीला त्यांनी टर्नटेबलची वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या भलत्याच भोकात खुपसली होती. सुईतून निघणारा विजेचा झटका अगदीच बारका, काही हजारांश व्होल्टचा. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज दाबून आणि वरचे स्वर वाढवून कापलेले असतात, नाहीतर खर्जाच्या रुंद नागमोडी खाचांनी सगळी तबकडी खाल्ली असती. वाजवताना हा हिशेब उलटा फिरवायला ‘फोनो’ नावाची वेगळी सोय लागते. ती नसल्यामुळे पहिले आठ दिवस सगळे बुवा आणि पंडित डासाच्या आवाजात गायले. काका तेव्हाही म्हणाले होते, “पण सूर किती स्वच्छ आहे बघा!”

त्यांच्या घरी गेलं की आधी “या, बसा” होतं आणि मग पंखा बंद होतो. “घरघरीत तंबोरा मरतो, आणि धूळही उडते.” मग तबकडी कव्हरातून निघते, दोन्ही तळव्यांच्या मधे, कडांनी धरलेली, जसं पहिल्यांदा पोर हातात घ्यावं. मखमलीच्या ब्रशने ती पुसली जाते. सुई टेकते. आधी शेंगदाणे भाजल्यासारखी तडतड, तिच्यामागून तंबोरा. काका डोळे मिटतात. “ऐका. ही ऊब. ही सीडीत नाही मिळायची.”

मे महिन्यात दुपारी साडेतीनला पंखा बंद करून बसलेल्या माणसाने ऊब नाकारायची तरी कशी? मी कपाळ पुसत हो म्हणतो.

काकांचा सीडीवर राग आहे तो तत्त्वाचा. तबकडीत आवाजाची लाट सलग असते आणि सीडीत तिचे तुकडे केलेले असतात, सेकंदाला ४४,१०० तुकडे. “म्हणजे घाटाच्या जागी जिना केला की हो! मींड म्हणजे काय पायऱ्या उतरणं आहे?” हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पटलं होतं. नंतर त्यांचा मुलगा भेटला. तो इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, म्हणजे घरातच विरोधी पक्ष. त्याचं म्हणणं, एवढे तुकडे घेतले की बावीस हजार कंपनांपर्यंतची लाट त्यातून होती तशी, गुळगुळीत, परत उभी करता येते. पायऱ्या स्पीकरपर्यंत पोचतच नाहीत. शिवाय माणसाचा कान तरुणपणी वीस हजारांच्या आसपास थांबतो आणि साठी उलटली की बराच अलीकडे. “बाबा, तुम्हाला ज्याची कमतरता जाणवते ते तुम्हाला ऐकूच येत नाही.” यावर काकांनी दिलेलं उत्तर इंजिनिअरिंगच्या कुठल्याही परीक्षेत बसणारं नव्हतं. “कानाला नाही रे. आत टोचतं.”

मुलाने मग अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या नामांकित कंपनीचं उदाहरण काढलं. तिच्या महागड्या तबकड्या म्हणजे अस्सल सलग आवाज, असं जगभरचे शौकीन मानत होते. २०२२ साली उघड झालं की त्यातल्या कित्येक तबकड्या तयार होताना मधे एक डिजिटल टप्पा होता, आणि ही मंडळी त्याच तबकड्यांची ‘ऊब’ वर्षानुवर्षं वाखाणत होती. काका क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणूनच मी नवीन घेत नाही.”

मला स्वतःला तबकडीची अडचण वेगळीच वाटते, आणि ती आपल्या गाण्यालाच जास्त बाधते. फेरे ठरलेले, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच सरकते आणि आत, लेबलाजवळ, जेमतेम वीस-बावीस सेंटिमीटर. म्हणजे जेवढं आत जावं तेवढी दाटी, तेवढा आवाज फाटायचा धोका. आता ख्याल गाणारा काय करतो? विलंबित बाहेर ऐसपैस बंगल्यात मांडतो आणि द्रुताच्या सगळ्या ताना घेऊन शेवटी चाळीतल्या खोलीत राहायला जातो. जिथे जागा सर्वांत कमी, तिथेच बुवा सर्वांत जोरात. हे मी काकांना एकदा सुचवून पाहिलं. ते म्हणाले, “म्हणून तर मी विलंबितच ऐकतो.” आणि खरोखरच त्यांच्या घरी द्रुत सुरू व्हायच्या सुमाराला चहा येतो.

तबकड्यांची सेवा हे एक प्रकरणच आहे. उन्हाळ्यात वाकलेली तबकडी दोन शहाबादी फरश्यांमधे आठवडाभर दाबून ठेवायची. खाचांत खोल गेलेली धूळ काढायला तबकडीवर फेविकॉलचा थर द्यायचा, रात्रभर वाळवायचा आणि सकाळी अख्खा पापुद्रा एका दमात सोलून काढायचा. पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. तबकडीचं काही बिघडलं नाही, उलट लखलखीत झाली. काकू एवढंच म्हणाल्या, “दुधावरची साय माझ्याकडून कधी अशी एकसंध निघाली नाही.” त्यानंतर महिनाभर त्या काकांकडूनच साय काढून घेत होत्या.

गेल्या मे महिन्यात मुलगा सुट्टीवर आला आणि त्याने बापाला आव्हान दिलं. एकच मालकंस, तबकडीवर आणि सीडीवर. मधे चादर टांगायची, ऐकणाऱ्यांनी फक्त ओळखायचं. दहा वेळा. ऐकायला काकू, मी आणि खालच्या मजल्यावरच्या पेटी शिकवणाऱ्या बाई. पहिली अडचण आली ती सीडीची. घरातल्या सगळ्या सीडी काकांनी कबुतरं हुसकवायला गॅलरीत दोरीने बांधल्या होत्या. (“बघा, कबुतरंसुद्धा तिच्याजवळ बसत नाहीत!”) मालकंस तिसऱ्या दोरीला सापडला. चार महिने ऊन खाल्लेला, ओरखडे पडलेला, एका कोपऱ्यात कबुतरांनी अभिप्रायही नोंदवलेला. ओल्या फडक्याने पुसून डीव्हीडी प्लेअरात घातला आणि पहिल्या सेकंदापासून सुरळीत वाजायला लागला. सीडीवर आवाजाची माहिती मुद्दामच विखरून आणि जादा आकड्यांसकट लिहिलेली असते. एखाद-दोन मिलिमीटर पुसलं गेलं तरी यंत्र आजूबाजूच्या आकड्यांवरून गेलेलं भरून काढतं. काकांचा चेहरा मात्र पडला. एवढं सोसून काहीच न कुरकुरणाऱ्या वस्तूबद्दल त्यांच्या मनात पहिल्यांदाच काहीतरी हललं असावं.

दुसरी अडचण आवाजाची. मुलगा म्हणाला, “दोन्ही अगदी सारख्या आवाजावर हवेत. जे किंचित मोठं वाजतं ते माणसाला जास्त गोड वाटतं.” तेव्हा कळलं की काका इतकी वर्षं तबकडी लागली की बटण दोन घरं पुढे सरकवत होते.

परीक्षा झाली. मी दहापैकी आठ वेळा बरोबर आलो. तडतडीवरून ओळखत होतो, पण दोनदा शेजारच्या स्वयंपाकघरात मोहरीची फोडणी पडली आणि मी फसलो. काकू दहापैकी दहा! काका चादरीमागून धावत बाहेर आले. “बघ! जिला मालकंस आणि मारवा सारखाच, तिच्या कानालासुद्धा फरक कळतो! विज्ञान सांगतोस मला?”

“अहो, कान कशाला लागतोय?” काकू म्हणाल्या. “तबकडी लावायची झाली की तुम्ही पंखा बंद करता.”

मुलगा सोफ्यावर आडवा झाला. पेटीवाल्या बाईंनी मात्र कागदावर तबकडी किंवा सीडी असं काहीच लिहिलं नव्हतं. त्यांच्या कागदावर फक्त ‘काळी एक’ आणि ‘पांढरी एक’ असं आलटूनपालटून होतं. बाई संकोचून म्हणाल्या, “मला ते यंत्रांचं कळत नाही. पण सीडीवर बुवा काळी एकला गातात आणि तुमच्या तबकडीवर पांढरी एकला. दोन वेगळ्या दिवशी गायलेत का?”

काका म्हणाले, “तीच! तीच तर खर्जाची भारदस्ती!”

मुलगा उठून बसला. त्याने तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि मोबाइलवर वेळ लावली. बरोबर तीन मिनिटांत शंभर फेरे व्हायला हवेत. आम्ही सगळे मोठ्याने मोजत होतो, लहान मुलं लपंडावात मोजतात तसे. तीन मिनिटं संपली तेव्हा चौऱ्याण्णव झाले होते, आणि पंचाण्णवावा निम्म्यापर्यंतही पोचला नव्हता. मोटरीवरून तबकडीच्या थाळीला फिरवणारा रबरी पट्टा वर्षानुवर्षं ताणून सैल झाला होता आणि घसरत होता. सुमारे सहा टक्के वेग कमी झाला की सूर बरोबर अर्ध्या पट्टीने उतरतो. काकांच्या घरी इतकी वर्षं सगळेच गवई अर्धा सूर खाली, जरा सावकाश आणि चांगलं पोटभर जेवल्यासारखे गात होते. ती ऊब पट्ट्याची होती.

मुलाने दुसऱ्याच दिवशी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन नवा पट्टा आणला आणि बसवला. मोजले तर बरोबर शंभर. बुवा काळी एकला आले, ताना सुटसुटीत झाल्या. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “आज किती मोकळं वाजतंय हो!” पंखाही चालू होता, कारण काका तो बंद करायचं विसरले होते. ते खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होते, दुसऱ्याच्या घरी पाहुणे आल्यासारखे. बाजू संपली तेव्हा म्हणाले, “सीडीसारखं वाजतंय.”

मुलगा रविवारी रात्री गेला. सोमवारी सकाळी वरून मालकंस ऐकू आला आणि मी जिन्यातच थांबलो. खालच्या बाईंनीही दार उघडलं होतं. त्यांनी पेटीवर एक सूर दाबला, पांढरी एक, आणि मला मान हलवून दाखवली. जुना पट्टा परत चढला होता.

ही बातमी सोसायटीत पसरायला फार वेळ लागला नाही. संध्याकाळी बाकावर सेक्रेटरींनी नवं नाव जाहीर केलं, ‘साडेएकतीस काका’. काका तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत येत होते. त्यांनी ते ऐकलं. पिशवी खाली ठेवली.

“साडेएकतीस नाही,” ते म्हणाले. “एकतीस पूर्णांक चार सहा. मी मोजलेत.”