या ना आमच्याकडे!

अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूला असलेलं स्टॅनफर्ड विद्यापीठ २०२४ पासून ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’ या कॉलेजच्या खेळांच्या गटात खेळतं. अटलांटिक हा दुसरा महासागर. देशाच्या दुसऱ्या टोकाला असतो. ‘बिग टेन’ नावाच्या गटात अठरा विद्यापीठं आहेत, आणि त्यात लॉस एंजेलिसचं यूसीएलए आणि न्यू जर्सीचं रटगर्स गुण्यागोविंदाने नांदतात. मध्ये जेमतेम चार हजार किलोमीटर. टीव्हीच्या पैशापुढे नकाशा कुठल्या कुठे उडून गेला. ज्या देशात थोरल्यांनी भूगोलाचं पुस्तक असं रद्दीत घातलं, तिथे आपल्या दहा वर्षांच्या पोराची सॉकरची मॅच शेजारच्या गावात व्हावी म्हणणारा बाप अडाणीच.

पोरगं सहा-सात वर्षांचं असतं तोवर सगळं ठीक चाललेलं असतं. शनिवारी सकाळी गावच्या पार्कात खेळायचं, कोच म्हणजे कुणाचा तरी बाबा, दोन्ही टीम एकाच गावच्या, आणि मॅच संपली की संत्र्याच्या फोडी. याला ‘रेक’ म्हणतात. मग कोणीतरी हळूच सांगतं, ‘अहो, मुलगा चांगला खेळतो, रेकमध्ये वाया जाईल.’ झालं. ट्रायआऊट, निवड, क्लबची फी, दोन रंगांचे गणवेश, आणि पोरगं ‘ट्रॅव्हल टीम’मध्ये दाखल. त्यानंतरचा पहिला बदल पोराच्या खेळात दिसत नाही, बापाच्या गाडीच्या मीटरवर दिसतो.

खरी लीग सुरू होते ती वेळापत्रकाचा कच्चा खर्डा मेलवर येतो त्या रात्री. ऑफसाइड म्हणजे काय हे ज्या आईबापांना तीन वर्षांत कळलेलं नाही, ते त्या रात्री एक्सेल उघडून बसतात. आमच्या होम गेम चार, त्यांच्या सहा. सकाळी आठची वेळ आम्हाला तीनदा, त्यांना एकदाही नाही. मेमोरियल डेच्या सुट्टीत नेमके आम्हीच का लांब? होम गेमचं लग्नातल्या मानपानासारखं आहे: मिळाला तर कोणाच्या लक्षात राहत नाही, चुकला तर तीन पिढ्या आठवण काढतात.

वेळापत्रक करणारा माणूस यात खलनायक नसतो, हे आधीच सांगून टाकतो. बहुतेकदा तो फुकट राबणारा कुणाचा तरी बाप असतो, नाहीतर दोन-चार माणसांचं ऑफिस आणि एक सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअरला मैदानं, वेळा आणि टीमची नावं भरवली की ते जुळवाजुळव करून देतं. पण त्याला हेही सांगावं लागतं की एकच कोच तीन वयोगट सांभाळतो, तेव्हा त्या तिन्ही मॅच एका वेळी नकोत. ज्या क्लबच्या वीस टीम आहेत, त्याच्या अशा अटी वीस. छोट्या क्लबची टीम एक आणि अटही एकच: ‘जरा जवळ ठेवा हो.’ वीस अटी पाळून झाल्यावर तळाशी जे उरतं ते छोट्याच्या ताटात पडतं. रविवार, सकाळी आठ, नव्वद मैल.

त्यात मैदानाची भानगड. गावाच्या मालकीचं साधं गवत असेल तर पाऊस पडला की गाव फाटकाला कुलूप लावतं आणि मॅच पुढे जाते. पुढे म्हणजे कधी, यावर दोन टीमच्या मॅनेजरांची जी मेलामेली चालते तिच्यापुढे सीमाप्रश्न सोपा. ज्या क्लबकडे स्वतःचं टर्फ आणि वर दिवे आहेत, त्याच्याकडे मात्र ना पाऊस पडत, ना अंधार होत. मग पुढे ढकललेली मॅच शेवटी जाते कुठे? तिकडेच. ‘आमच्याकडे बुधवारी रात्री साडेआठचा स्लॉट रिकामा आहे, या ना!’ आमंत्रण फार प्रेमाचं. पोरगं गाडीत गृहपाठ करतं आणि अकरा वाजता घरी येऊन झोपतं. ज्याचं टर्फ त्याचं टाइमटेबल.

न्यायाची म्हणून एक ठरलेली व्याख्या आहे: निम्म्या मॅच घरी, निम्म्या बाहेर. कागदावर हिला तोड नाही. समजा दहा टीम आहेत. नऊ जणी एकमेकींपासून अर्ध्या तासावर, दहावी दोन तास लांब, पार न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला, केप मेच्या बाजूला. प्रत्येकीने प्रत्येकीशी एकदा खेळायचं. नवांतल्या चार-पाच टीमना त्या टोकाला सीझनमध्ये एकदा जावं लागतं, बाकीच्यांना तेही नाही. दहावी टीम मात्र गावाबाहेर पडली की दर खेपेला दोन तास जायला आणि दोन यायला. निम्मं-निम्मं झालं, कोणाला बोलायला जागा नाही. आता मीटिंगमध्ये बोंब कोण मारतं? ‘एवढ्या लांब आम्ही का जायचं?’ असं विचारणारे चार-पाच आवाज एकदम उठतात. दहाव्या टीमच्या मॅनेजरचा आवाज येत नाही. मीटिंग सगळ्यांच्या सोयीची म्हणून मध्यावर ठेवलेली असते, म्हणजे नवांच्या मध्यावर, आणि तो बिचारा अजून गार्डन स्टेट पार्कवेवर असतो.

न्यू जर्सी तरी लहानसं राज्य. टेक्सासमधल्या एल पासोचा विचार करा. हे शहर आपल्याच राज्यातल्या ह्यूस्टनपेक्षा कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला जवळ आहे. तिथल्या बारा वर्षांच्या पोरीने राज्यपातळीवर खेळायचं म्हणजे काय, ते तिच्या वडिलांच्या टायरांना विचारावं. लॉस एंजेलिसमध्ये अंतर कमी, पण तिथे अंतराला विचारतो कोण? नियमावलीत मैल असतात, रस्त्यावर मिनिटं. रविवारी सकाळी सातला जे वीस मैल पंचवीस मिनिटांत सरतात, तेच शुक्रवारी संध्याकाळी ४०५ नंबरच्या हायवेवर दीड तास खातात. लीग म्हणते, वीस मैलच तर आहेत.

मराठी घरात या भांडणाला आणखी एक फाटा फुटतो. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा भरतात शनिवारी-रविवारी, म्हणजे नेमक्या मॅचच्या वेळेला. त्यामुळे ‘ळ’ कच्चा राहतो आणि कॉर्नर किक पक्की होते. गणपती बसायला आणि फॉल सीझन तापायला एकच गाठ. टीमच्या ॲपवर ‘येणार का?’ असा प्रश्न येतो, तिथे ‘नाही’ दाबायला हात धजत नाही. दाबलं तर कोच पुढच्या मॅचला बेंचवर बसवेल. बाप्पा समजून घेतो, कोच घेत नाही. म्हणून आरती सकाळी साडेसहाला, तीही शॉर्ट्समध्ये.

आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत असले वाद होत नाहीत, कारण वाद घालायला जागाच नाही. भाग्यपत्रिका निघाली, तारीख आली, निघायचं. कोल्हापूर विभागात सिंधुदुर्गही येतो. विभागीय फेरी कोल्हापूरला असली तर सावंतवाडीची पोरं भर पावसात आंबोलीचा घाट चढणार, आणि गाडी वेळेत पोचली नाही तर समोरच्या शाळेला ‘पुढे चाल’. तक्रार क्रीडाशिक्षकांकडे करावी, तर तेच त्या गाडीत मागच्या सीटवर बूट आणि बॉलची जाळी मांडीवर घेऊन बसलेले असतात. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या साइडलाइनवर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या बापांतले काही असेच घाट चढून मोठे झाले. त्यांना नव्वद मैलांचा सपाट, सहा पदरी रस्ता जाचतो याचं हसू येतं खरं. पण त्यांनी घाट चढला तेव्हा त्यांचे वडील पगार मोजून इंधन भरत नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि पगार मोजावाच लागतो. ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या ‘प्रोजेक्ट प्ले’ उपक्रमाच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये अमेरिकन कुटुंबाने एका मुलाच्या मुख्य खेळावर सरासरी १,०१६ डॉलर खर्च केले; २०१९ पेक्षा ४६ टक्के जास्त. ही सगळ्या खेळांची, सगळ्या पातळ्यांची सरासरी झाली. ट्रॅव्हल सॉकरवाला बाप हा आकडा ऐकून म्हणतो, ‘वर्षाचे की महिन्याचे?’ वर टूर्नामेंटचा एक सुंदर नियम असतो, ‘स्टे टू प्ले’. आम्ही नेमून दिलेल्या हॉटेलात मुक्काम केला तरच तुमची टीम खेळणार. मावशी तिथून दहा मिनिटांवर राहत असली तरी मावशीकडे उतरायचं नाही. गोल कोण करतं हे महत्त्वाचं नाही, ब्रेकफास्ट कोण देतं हे महत्त्वाचं.

आता आतली गोष्ट. अंतराबद्दल कुरकुर सगळे करतात. कमी करून दिलं तर घेणारा कोणी नाही. दोन मराठी बाप ‘पटेल ब्रदर्स’ या भारतीय किराणा दुकानात भेंडी निवडताना भेटतात.

‘काय रे, रविवारी मॅच कुठे?’

‘डेलावेअर. सकाळी पाचला निघायचंय.’

‘बापरे! आमची मेरीलँडला. आदल्या रात्रीच हॉटेल घेतलंय.’

‘अच्छा… हॉटेल.’

पहिला बाप हरला. त्याची भेंडीही जून निघणार.

लीगवाल्यांना हे आपल्या आधी कळलं. यूएस सॉकर या राष्ट्रीय संघटनेने २००७ मध्ये ‘डेव्हलपमेंट अकॅडमी’ काढली, उत्तमांनी उत्तमांशी खेळावं म्हणून. मुलींसाठी २००९ मध्ये ‘ईसीएनएल’ आली. २०१७ मध्ये तिची मुलांची शाखा निघाली. एप्रिल २०२० मध्ये कोरोनात अकॅडमीने गाशा गुंडाळला आणि त्याच वर्षी ‘एमएलएस नेक्स्ट’ आणि ‘गर्ल्स अकॅडमी’ उभ्या राहिल्या. प्रत्येकीचा नकाशा वेगळा, प्रत्येकीचे क्लब वेगळे, आणि प्रत्येक जण ‘एलिट’. उत्तम जितके वेचून घ्यावेत तितके ते विरळ होतात, आणि विरळ झाले की लांब होतात. परिणाम असा की एकाच गावातल्या दोन चांगल्या टीम एकमेकींशी कधीच खेळत नाहीत, कारण दोघींच्या लीग वेगळ्या. एक उत्तरेला जाते, एक दक्षिणेला. टर्नपाइक हायवेवर दोघींच्या गाड्या एकमेकींना पार करतात आणि दोन्ही गाड्यांतले बाप लांब पडतं म्हणून करवादत असतात. मधोमध त्यांच्या गावचं मैदान रिकामं.

२०२६ च्या विश्वचषकाला तीन देश, सोळा शहरं, अठ्ठेचाळीस संघ आणि एकशेचार सामने. एवढा पसारा मांडताना फिफाने साखळी सामन्यांसाठी शहरांचे पश्चिम, मध्य आणि पूर्व असे गट पाडले, संघांची दगदग कमी व्हावी म्हणून. मेस्सीच्या पायांची काळजी घेणारं कोणीतरी आहे. पाचवीतल्या पोराचे पाय मागच्या सीटवर दप्तर आणि कूलरच्या मध्ये दुमडलेले असतात, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या कोच ओरडतो, ‘लूझन अप!’

जर्मनांनी यावर एक तोडगा काढलाय, पण तो इथे चालणार नाही. २०२४-२५ पासून त्यांनी सर्वांत लहान गटांसाठी लीगचं कोष्टकच काढून टाकलं. आसपासच्या टीम एका मैदानावर जमतात, छोट्या छोट्या संघांत खेळतात आणि घरी जातात. होम नाही, अवे नाही, कोष्टक नाही. म्हणजे एक्सेल नाही. मग आईबापांनी रात्री करायचं काय?

इथे चालेल असा एक उपाय आहे. कोष्टकात जिंकले, हरले, गोल केले, गोल खाल्ले असे रकाने असतातच. त्यांच्या शेजारी आणखी एक घालावा: त्या टीमच्या पोरांनी सीझनभरात गाडीत काढलेली मिनिटं. मैल नव्हे, मिनिटं. दर सोमवारी छापावा, भाष्य करू नये. केप मेकडच्या मॅनेजरला मीटिंगला यायचीही गरज नाही, कोष्टक त्याच्या वतीने बोलेल. टर्फवाल्यांनाही कळेल की त्यांच्या ‘या ना’ची किंमत कोण भरतं.

भीती एकच. दुसऱ्याच आठवड्यात त्या रकान्यात पहिलं येण्यासाठी चुरस लागेल, आणि जो क्लब तिथे तळाला असेल, म्हणजे ज्याची पोरं सगळ्यांत कमी वेळ गाडीत बसली, त्याच्या पुढच्या ट्रायआऊटला कुत्रं फिरकणार नाही.