दर्यासारंग, तिसरा मजला

डोंबिवलीला समुद्र नाही. खाडी आहे, पण ती बघायला मुद्दाम कुणी जात नाही. अशा गावात, तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, शोकेस काढून तिथे ३०० लिटर समुद्र भरणाऱ्या माणसाला सोसायटीने दर्यासारंग म्हणावं, यात नवल नाही. मी समोरच्या दारात राहतो, त्यामुळे आरमाराच्या बऱ्याचशा हालचाली माझ्या डोळ्यांदेखत झाल्या आहेत.

तसे ते बँकेत कर्ज विभागात आहेत. दिवसभर लोकांचे कागद संशयाने बघतात आणि घरी आल्यावर त्याच नजरेने टाकीचा थर्मामीटर बघतात, तेही चपला काढायच्या आधी. वहिनी पाण्याचा पेला घेऊन उभ्या, आणि हे टाकीपुढे ओणवे. मागे वहिनींना ताप आला होता. मी जिन्यात विचारलं, "कितीवर आहे?" म्हणाले, "सत्तावीस. रात्री अठ्ठावीसला टेकतो." मी घाबरून आत डोकावलो, तर वहिनी बिचाऱ्या स्वतःच कपाळावर घडी ठेवत होत्या.

टाकीत ऐवज किती? दोन केशरी-पांढरे पट्ट्यांचे विदूषक मासे, ज्यांना निमो म्हटलेलं दर्यासारंगांना खपत नाही. एक कोळंबी, जी खायची नाही. आणि भट्टीत भाजलेले सच्छिद्र दगड. खरं प्रवाळ नाही, कारण समुद्रातलं कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंगतीला बसलंय, आणि कर्ज विभागातला माणूस अनुसूची वाचतोच. एवढ्या तीन जीवांसाठी खालच्या कपाटात जी यंत्रसामग्री आहे, तीवर एक छोटी पिठाची गिरणी सहज निघाली असती.

टाकीतलं पाणी पाइपातून खालच्या हौदात उतरतं, तिथे गाळून निघतं, आणि पंप ते परत वर चढवतो. रात्रंदिवस. या पंपाबद्दल ते बोलायला लागले की त्यांच्यातला बँकवाला जागा होतो. "हा साठ वॅट उचलतो आणि साठच्या साठ पाण्यात जमा करतो, उष्णता म्हणून. पाण्यात बुडालेला पंप एक पै बाहेर जाऊ देत नाही. असा कर्जदार मला पंचवीस वर्षांत भेटला नाही!" मग कॅल्क्युलेटर निघतो. ही उष्णता कुठे निघूनच गेली नाही, तर टाकी दिवसाला चार अंशांनी चढेल. म्हणजे शुक्रवारी माशांची टाकी आणि सोमवारी माशांचं सार. (हा विनोद माझा. त्यांना आवडला नाही.)

पण उष्णतेच्या आधी आला होता आवाज. उतरणारं पाणी पाइपात हवा ओढायचं आणि हॉलभर गुळण्यांचा आवाज व्हायचा. मुलीच्या सासरची मंडळी पहिल्यांदा आली तेव्हा चहा पिता पिता व्याही तीनदा बाथरूमच्या दाराकडे बघून म्हणाले, "आत कुणी आहे का? आम्हाला घाई नाही." त्या रात्री दर्यासारंगांनी पाइपाला व्हॉल्व्ह बसवला. तो इतका आवळायचा की पाइप पाण्याने काठोकाठ भरलेला राहील आणि हवेला शिरायला जागाच उरणार नाही. चुकून तुंबलंच, तर शेजारी एक जादा पाइप मोकळा. गुळण्या थांबल्या. आणि त्यांच्या आड लपलेली पंपाची घरघर ऐकू यायला लागली.

ती शोधतानाचं दृश्य मी पाहिलंय. रात्रीचा एक. बनियन, लेंगा, गुडघ्यांवर बसलेले. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलेलं आणि मूठ कानात, गॅरेजवाला इंजिन तपासतो तशी. डोळे मिटलेले. मग टोक हौदाच्या काचेला, मग पाइपाला, मग कपाटाच्या फळीला. "काच बोलतेय," ते कुजबुजले. पंप काचेला चिकटून होता. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली मऊ गादी आली, आणि वहिनींच्या योगा मॅटमधून वीतभर चौकोन गेला. वहिनी अजून त्याच मॅटवर सूर्यनमस्कार घालतात. उजवा गुडघा फरशीवर येतो. पंप कडक पाइपाऐवजी सिलिकॉनच्या नळीने जोडला गेला. दर दोन महिन्यांनी त्याच्यावर साचलेलं चुन्याचं कीटण काढायला तो बरणीत, व्हिनेगरमध्ये मुरत पडतो. ही बरणी लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवू नये, एवढंच मी अनुभवावरून सांगेन.

उरलासुरला आवाज दाबायला कपाटाला आतून फोम लावून दारं घट्ट केली. शांतता! आणि पारा एकोणतीसवर. कोंडलेली उष्णता जाणार कुठे? दारं उघडली तर आवाज, मिटली तर ताप. मग पाण्यावर वारा घालायला पंखे आले. एक लिटर पाणी उडून गेलं की टाकी दोन अंशांनी उतरते, हा हिशेब त्यांनी मला गच्चीवर खडूने मांडून दाखवला. पण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून खारटपणा १.०२५ वर राखायला रोज आरओचं पाणी ओतणं आलं. शिवाय मे महिन्यात डोंबिवलीच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की पाणी उडायला नाखूश. पंखे भणभणतात, पारा ढिम्म. शेवटी चिलर आला. त्याने पाण्यातली उष्णता इमानेइतबारे उपसली आणि हॉलमध्ये ओतली. मासे पंचवीस अंशांत, मासेवाले चौतीसात. मग हॉलला एसी. वीजबिल आलं त्या दिवशी दर्यासारंग मला म्हणाले, "बिलाचं सोडा हो, रीडिंग काय स्थिर झालंय!"

तक्रार आली ती खालच्या मजल्यावरून. तिथे गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात. त्या वर आल्या, टाकीकडे न बघता डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आवाजाचं मला काही नाही. रस्त्यावर रिक्षा ओरडतात, आम्ही गातोच. पण तुमचा हा पांढरी पाचवर थांबत नाही आणि काळी चारला पोचत नाही. माझा तानपुरा काळी चारचा आहे. खर्ज छेडला की हलायला लागतो. एक तर याला उतरवा, नाही तर चढवा!"

दर्यासारंगांनी आयुष्यात इतक्या नेमक्या शब्दांत तक्रार ऐकली नव्हती. रात्रभर जागून त्यांनी शोधलं: आपली वीज ५० हर्ट्झची, पंपाचा चुंबक दर फेऱ्यात दोनदा ओढला जातो, म्हणून घरघर १०० ची. काळी चारचा खर्ज १०४ च्या आसपास. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चार हेलकावे. "बाईंचा कान म्हणजे मीटर आहे," ते मला म्हणाले. मासे सोडून इतर सजीवाबद्दल त्यांना वाटणारा असा आदर मी पहिल्यांदा पाहिला.

महिन्याभरात डीसी पंप आला. पंचवीस वॅट, उष्णता निम्म्याहून कमी, घरघर जवळजवळ नाहीच, आणि वेग बदलायला बटणं. वेग बदलला की सूरही सरकतो. आता गुरुवारी संध्याकाळी क्लास सुरू व्हायच्या वेळी दर्यासारंग कपाटापुढे बसतात, स्क्रूड्रायव्हर कानात. खालून तानपुऱ्याची जुळवाजुळव ऐकू येते. हे एकेक बटण उतरत जातात, आणि सूर मिळाला की खिडकीतून विचारतात, "बाई, आला का?"

परवा उत्तर आलं, "सूर आला हो. पण मधेच गुळण्या कोण करतंय?"

पंपाचा वेग कमी केला, व्हॉल्व्ह आवळायचा राहिला होता.