रमा-माधवांचे सोयरे

ऐतिहासिक कादंबरी वाचणाऱ्यांत एक जमात अशी आहे की तिला पुस्तक नुसतं वाचक म्हणून हातात घेताच येत नाही. ती ते मुलाकडची नाहीतर मुलीकडची म्हणूनच उघडते. या मंडळींचं आडनाव कुलकर्णी, पवार, नाईक काहीही असो, आपण त्यांना सोयरे म्हणू. सोयरे बहुधा निवृत्त असतात, किंवा वय तेवढं झालेलं नसलं तरी मनाने केव्हाच निवृत्त झालेले असतात. 'स्वामी'ची त्यांनी पारायणं केलेली असतात, 'राऊ' एकदा वाचून जरा वरच्या फळीवर ठेवलेली असते आणि 'श्रीमान योगी' कपाटाच्या काचेतून पाहुण्यांना दिसेल अशी उभी असते. थोरले माधवराव कसे वाटले असं त्यांना विचारावं. "मुलगा हिऱ्यासारखा. तब्येत तेवढी नाही." सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेलेल्या पेशव्याबद्दल इतका आटोपशीर शेरा कुठल्याही इतिहासकाराला जमलेला नाही. बाजीरावाच्या बायकोचा, काशीबाईंचा विषय काढला की आधी "चासकर जोशी, सावकाराचं घर" एवढी माहिती मिळते, स्वभावाचं नंतर बघू. आणि मस्तानी म्हटलं की सोयरे चष्मा काढून पुसायला घेतात. "वडील छत्रसाल, म्हणजे घराणं मोठंच, पण..." इथे वाक्य संपतं. त्या 'पण'वर पुण्यात निदान पावणेतीनशे वर्षं मुक्काम झालेला आहे.

यावर हसणं सोपं आहे. नायक म्हणजे जावई नव्हे आणि कादंबरी म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम नव्हे, हे सांगायला मोठी विद्वत्ता लागत नाही. पण सोयऱ्यांना ही सवय लावली कुणी, हे पाहू लागलं की बोट लेखकांकडे वळतं, आणि लेखकांचाही फारसा दोष दिसत नाही. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी १८७१ साली 'मोचनगड' लिहायला घेतली तेव्हा काळ शिवाजी महाराजांचा घेतला, पण गड कल्पनेतला आणि माणसंही बरीचशी कल्पनेतलीच. तिथे वाचकाला पुढे काय होणार याची धाकधूक होती. रणजित देसाईंनी १९६२ साली 'स्वामी' दिली तेव्हा ती सोय उरली नव्हती. माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला जाणार आणि रमाबाई सती जाणार, हे शाळेतल्या पोरालाही माहीत होतं. शेवट आधीच ठाऊक असलेला वाचक पानं उलटताना करणार काय? तो न्यायनिवाडा करतो. "आता काय होईल" हा प्रश्न गेला की "हे असं वागणं बरं का" हा एकच प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला सोयऱ्यांइतका अनुभवी माणूस दुसरा नाही. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या घरी तेच केलेलं असतं.

दुसरं कारण दप्तरात आहे. पेशवाईचे कागद विपुल आहेत. १७६३ ची राक्षसभुवनची लढाई, हैदरावरच्या स्वाऱ्या, निजामाशी झालेले तह, काका राघोबादादांशी बिनसलेलं आणि पुन्हा जुळवलेलं, कर्जाचे आकडे, सगळं लिहून ठेवलेलं आहे. रमाबाई मात्र त्या कागदांत जेमतेम दिसतात. मस्तानीचंही तेच, चार पत्रांतले उल्लेख आणि बाकी आख्यायिका. म्हणजे नवरा-बायकोचं बोलणं, रुसवे, देवघरातली भेट, आजारपणात रात्रभर बसणं, हा सगळा मजकूर कादंबरीकाराला स्वतःच्या पदरचा घालावा लागतो. गंमत अशी की सोयऱ्यांची सगळ्यांत ठाम मतं नेमकी याच मजकुराबद्दल असतात. राक्षसभुवनला फौजेची डावी बगल कुठे होती हे विचारलं तर ते नम्रपणे "ते जाणकारांनी सांगावं" म्हणतील. पण रमाबाई त्या रात्री बोलल्या ते बोलायला नको होतं, हे ते कुणाकडूनही शिकून घेणार नाहीत. जे घडल्याचा पुरावा आहे तिथे ते शंकेखोर, आणि जे लेखकाने कोल्हापूरकडच्या आपल्या घरी बसून रचलं तिथे ते प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. सार्वजनिक वाचनालयातली 'स्वामी'ची जुनी प्रत चाळली तर हे समासातच दिसतं. मोहिमांची पानं कोरी करकरीत, आणि पती-पत्नीच्या पानांवर पेन्सिलीने "अगदी खरं!", "असा नवरा मिळायला पुण्य लागतं", आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात, "बाईंनी जरा आपल्या घरी बघावं."

तरी पेन्सिलवाल्यांना मूर्ख ठरवायचं कारण नाही. लढाई लेखकाला इतिहासाकडून आयती मिळालेली असते, त्याची स्वतःची कसोटी लागते ती माजघरात. तिथे तो पास की नापास हे ठरवायला माजघर माहीत असलेला परीक्षकच हवा. माधवराव सख्ख्या मामांचा, रास्त्यांचा मुलाहिजा ठेवत नाहीत आणि आई गोपिकाबाई दुखावून नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहतात, या प्रसंगात सोयऱ्यांची जी ओढाताण होते ती खरी वाचकाची ओढाताण आहे. "न्याय म्हणून चोख. पण मामाला दंड?" यात राज्य मोठं की नातं मोठं हा सगळा प्रश्न आला, आणि परिभाषा न वापरता आला. मरणापूर्वी केलेल्या यादीत माधवरावांनी कर्जफेडीचं कलम आवर्जून घातलं, हे सोयऱ्यांना राक्षसभुवनपेक्षा जास्त भावतं. ज्याने हप्ते फेडलेत त्यालाच त्याची किंमत कळते.

सोयरेपणा किती मुरलेला आहे याचा उत्तम पुरावा नटनट्यांनी पुरवला. ऐंशीच्या दशकात गजानन जागीरदारांनी 'स्वामी' दूरदर्शनवर आणली. रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव (पुढच्या मृणाल कुलकर्णी) रमा. त्यानंतर कित्येक घरांत माधवरावांचा चेहरा म्हणजे मंकणींचा चेहरा असं कायमचं ठरून गेलं. पुढे २०१४ साली मृणाल कुलकर्णींनी स्वतः 'रमा माधव' हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात मंकणी नानासाहेब झाले आणि त्या गोपिकाबाई. म्हणजे मुलगा बाप झाला, आणि सून सासू झाली. समीक्षकांनी अभिनय, कलादिग्दर्शन वगैरे पाहिलं असेल. सोयरे मंडळींना ते सगळं इतकं स्वाभाविक वाटलं की विशेष बोलण्यासारखं काही उरलंच नाही. चांगल्या घरात पंचवीस-तीस वर्षांत हेच व्हायचं असतं.

आता सोयऱ्यांच्या कायद्याकडे वळू, कारण त्यांच्या न्यायालयात कलमं दोनच आहेत. पहिलं, "त्या काळी तसंच होतं." दुसरं, "काळ कुठलाही असो." कुठल्या गुन्ह्याला कुठलं कलम लावायचं हे मात्र आरोपी पाहून ठरतं. शिवाजी महाराजांचे अनेक विवाह, पहिलं कलम, सुटका. त्याच घरातल्या सोयराबाईंचा सवतीमत्सर, दुसरं कलम, जन्मठेप. बाजीरावाने दुसरी स्त्री आणली, इथे न्यायाधीश दोन तास चेंबरमध्ये. मांसाहाराला आणि मद्याला "रणांगणावरचा माणूस" म्हणून पहिलं कलम लागतं, मस्तानीला लागत नाही, कारण रणांगण नर्मदेपलीकडे होतं आणि ती शनिवारवाड्यात आली. सगळ्यांत बोलकं उदाहरण नानासाहेबांचं. १७६० च्या डिसेंबरात भाऊसाहेब पानिपतावर कोंडलेले आणि पेशवे पैठणला दुसऱ्या लग्नाला उभे. आता दुसरं लग्न ही त्या काळी अगदीच मामुली बाब. तरी या एका लग्नाला "त्या काळी" लावायला कुणीही सोयरा तयार होत नाही. का? तर तीन आठवड्यांत पानिपत झालं. भाऊसाहेब जिंकून आले असते तर हेच लग्न "शुभशकुनाचं" ठरलं असतं. निकाल आधी लागतो आणि नैतिकता मागून येते, हे सोयऱ्यांच्या न्यायशास्त्राचं मूळ सूत्र.

हे सूत्र एकाच ठिकाणी अडकतं, थेऊरला. बंगाल इलाख्यात १८२९ साली आणि पाठोपाठ मुंबई इलाख्यात सतीबंदी झाली, ती वाचकांच्या अश्रूंना लागू झाली नाही. रमाबाई चितेकडे निघतात तिथे सोयरे रडतात, आणि ते रडू कौतुकाचं असतं. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत ही कल्पनाही त्यांना सहन होणार नाही. मग कौतुक कसलं? इथे "त्या काळी तसंच होतं" म्हटलं तर रमाबाईंचं मोठेपण जातं, कारण रिवाजच असेल तर त्यात प्रेम कुठलं? आणि "काळ कुठलाही असो" म्हटलं तर आपण काय म्हणतोय ते ऐकून म्हणणाराच दचकतो. सोयरेबाई अशा वेळी, भाजी निवडता निवडता, "जायला नको होतं तिने" एवढंच म्हणतात. त्यावर सोयरे काही बोलत नाहीत. अष्टविनायकाची यात्रा निघाली की चिंतामणीचं दर्शन झाल्यावर दोघंही नदीकाठच्या सतीच्या वृंदावनापाशी जातात, आणि हात मात्र दोघांचेही जोडलेले असतात.

सोयऱ्यांवर मोठा आक्षेप इतिहासवाल्यांचा. ते म्हणतात, असल्या वाचकांमुळे कादंबरीच इतिहास होऊन बसते. आक्षेप बिनबुडाचा नाही. पण ज्यांनी इतिहासाच्या नावाने भांडण केलं त्यांनीही भांडण कशावरून केलं ते पाहा. ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ ची. तिच्यावरून बेतलेला 'बाजीराव मस्तानी' २०१५ साली आला. पालखेडची मोहीम अभ्यासण्यासारखी, पण तिच्यावरून रस्त्यावर कुणी उतरलं नाही. लोक खवळले ते काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात म्हणून. काशीबाईंच्या पायाला दुखणं होतं, त्या नाचतील कशा, असा वैद्यकीय मुद्दाही निघाला. पिंगा हा मंगळागौरीचा खेळ आणि मंगळागौर घरंदाज बायकांचीच, हे त्या गर्दीत कुणाला आठवलं नाही. सगळ्या निषेधाचा गाभा एकच, "आमच्या घरातल्या बायका अशा नाचत नाहीत." आमच्या! म्हणजे इतिहासाचे पहारेकरी म्हणून जे उभे राहिले तेही आतून सोयरेच निघाले, फक्त मुलाकडचे. याच पुण्यात शनिवारवाड्याच्या एका दरवाजाला मस्तानीचं नाव आहे आणि कोथरूडच्या तिच्या महालाचे अवशेष केळकर संग्रहालयात जपून मांडले आहेत. परगावचे पाहुणे आले की सोयरे हौसेने ते दाखवतात. स्थळ पसंत नाही, पण फोटो जपून ठेवलेला आहे.

दुसरा आक्षेप असा की सोयरे ही संपत चाललेली जमात आहे, नव्या वाचकांचं असं नाही. नवी वाचक मंडळी, यांत मुली अधिक, 'स्वामी' वाचून म्हणतात की रमेला स्वतःचं म्हणून काही आयुष्य नाही, माधवरावांना राग आवरत नाही, आणि असं नातं "टॉक्सिक" असतं. काशीबाईंनी बाजीरावाला तोंडावर चार शब्द सुनवायला हवे होते. मस्तानी त्यांना आवडते, ती घोड्यावर बसते म्हणून. बरोबर आहे, आणि मुलींचं पारडं या बाबतीत जडच आहे. पण रीत बदलली का? पूर्वीच्या यादीत गोत्र, घराणं, सोसण्याची ताकद होती. आता संवाद, स्वातंत्र्य, एकमेकांच्या कामात सहभाग. कलमं बदलली, पत्रिका जुळवणं तसंच. सोयरेबाईंची नात ही अखेर सोयरेबाईंचीच नात.

आणि यादी नवी असली तरी ती शेवटपर्यंत चालवायची कुणाची तयारी नसते. पेशव्यांच्या सगळ्या जोडप्यांना ती लावून पाहावी. नवऱ्याच्या राजकारणात लक्ष घालणारी, त्याच्याइतकीच महत्त्वाकांक्षी, सल्ला देणारी, पुण्याबाहेर पडायची वेळ आल्यावरही त्याची बाजू न सोडणारी बायको त्या घरात कोण? जिच्या नावावर 'ध'चा 'मा' केल्याची कथा कायमची चिकटली, ती आनंदीबाई. आणि बायकोच्या मताला किंमत देणारा नवरा? राघोबादादा. गुण मोजले तर हे दोघं रमा-माधवांच्या फार पुढे जातात. पण १७७३ साली शनिवारवाड्यात दादांच्या पुतण्याचा, नारायणरावाचा खून झालेला, आणि न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलेलं. तेव्हा नात थांबते, यादी खाली ठेवते आणि म्हणते, "काळ कुठलाही असो..." आजोबा खूश होऊन मान डोलावतात, आणि बैठक पुन्हा माधवरावांच्या तब्येतीवर येते.