वडखळ नाक्यावर धम्म: नवशिक्यांसाठी

साधनेसाठी दहा दिवसांची रजा काढून इगतपुरी गाठायची गरज नाही. तिथे मौन पाळावे लागते. वडखळला निदान बोलता येते. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून निघा, पेण मागे टाका आणि अलिबागचा रस्ता गोव्याच्या रस्त्यापासून फुटतो तिथे अडका. बाह्यवळणाने निसटणाऱ्याला फळ नाही. गणपतीच्या तोंडावर हेच शिबिर आपोआप निवासी होते.

आरंभ मैत्रीने. बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्गा’त क्रम लावून दिला आहे: आधी स्वतः, मग प्रिय माणूस, मग ना मित्र ना शत्रू असा कोणी, शेवटी वैरी. स्वतःचे सोपे, वडापाव घ्या. प्रिय माणूस शेजारच्या सीटवरून “मी म्हणत होते, रो-रोने जाऊ” असे तिसऱ्यांदा सांगत असते. घाम इथेच फुटतो. काकडीवाल्याशी घासाघीस करू नका, तिसरा टप्पा पार. वैरी शोधावा लागत नाही. तो उलट्या बाजूने, दिवे पेटवून येतो आणि तुमच्यापुढे नाक खुपसतो.

आता करुणा म्हणते, घ्या त्याला. प्रज्ञा म्हणते, एकाला घेतले की मागे दहा तयार. पण त्याच्यासमोर एसटी अडकली आहे, आणि तिच्यातल्या उभ्या प्रवाशांनी कुणाचे काय केले? बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि करुणा हे धम्माचे दोन आधार मानले, ते अशा वेळी दोन्ही लागतात म्हणूनच. एसटीसाठी त्याला आत घ्या. काचेतून क्षमाशील हसू मात्र नका.

मोबाइलमध्ये डोके घालून बसणे ही धम्मातली उपेक्षा, म्हणजे समभाव, नव्हे. ते नुसते दुर्लक्ष.

“गेल्या जन्मी काय पाप केले होते” हे वाक्य शिबिरात वर्ज्य. माणसाची दैना पूर्वजन्मीच्या कर्मावर ढकलणे बाबासाहेबांना बुद्धाच्या नावावरही मान्य नव्हते. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या रुंदीकरणाचे काम 2011 साली सुरू झाले. गेला जन्म इतका जवळचा नसतो. खड्ड्याला प्रतीत्यसमुत्पाद लावा: हे आहे म्हणून ते आहे. मागे मागे जाताना पाऊस लागेल. तिथे थांबू नका. पाऊस दरवर्षी पडतो हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणखी मागे गेलात की ठेका आणि भूसंपादन सापडते. मग तक्रार लिहा. करुणेने शिवी गाळा, प्रज्ञेने किलोमीटरच्या दगडावरचा आकडा घाला.

20 मार्चच्या सुमारास निळे झेंडे लावलेल्या गाड्या महाडकडे जाताना दिसतील. त्यांना हे पाठ देऊ नका. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल 1927 साली ज्यांच्या आजा-पणज्यांनी मार खाल्ला आणि हात आवरला, त्यांना संयम तुम्ही काय शिकवणार?

रुग्णवाहिकेचा भोंगा आला तर चालू पाठ सोडा आणि गाडी डावीकडे दाबा. ती गेल्यावर तिच्या मागे लागू नका. तिथे आधीच चार साधक असतात.