अंडररायटर साहेब, एकदा तबेल्यावर या

प्रति,
मा. अंडररायटर साहेब,
(पत्ता मिळाला नाही. एजंट छताकडे बोट दाखवतो आणि नुसतं "वर" म्हणतो.)

विषय : पत्र्याच्या तबेल्यास परवडेल असा विमा मिळणेबाबत.
संदर्भ : आपण न पाठवलेलं नकाराचं पत्र.

महोदय,



प्रथम आपलं अभिनंदन. मोशीच्या शिवारातला माझा तबेला आपण पाहिलेला नाही, पाहायला येण्याचा विचारही दिसत नाही, तरी तो एक ना एक दिवस जळणार हे आपण एसीत बसून ओळखलंत. आमच्या गुरवालाही कौल लावायला निदान देवळात जावं लागतं.

आधी तबेल्याची माहिती देतो. लोखंडी अँगल, वर पत्रा, तीन बाजूंना छातीएवढी विटांची भिंत, चौथ्या बाजूला पावसाळ्यात ताडपत्री. आत तीन घोड्या. दोघी लग्नसराईत नवरदेव मिरवतात; बँड, फटाके आणि नवरदेवाचे मित्र हे तिन्ही सोसतात. तिसरी राणी, ती बैलगाडा शर्यतीत गाड्यापुढे पळते. आपण इकडचे नसाल म्हणून सांगतो. आमच्या खेड-जुन्नरकडच्या घाटात गाडा चार बैलांचा. मागची जोडी म्हणजे जुकाट, पुढची म्हणजे कांडं आणि सगळ्यांच्या पुढे घोडी. ती सुटली की तिच्या मागे बैल सुटतात आणि बारी काही सेकंदांत संपते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. बंदीचा काळ मोजला तर जवळजवळ साडेसाती भरते. त्या काळात आम्ही घोडीचा हरभरा चुकवला नाही आणि कुणाकडे भरपाईही मागितली नाही. आता ती पुन्हा कमावती झाली, तर तिच्या डोक्यावरच्या पत्र्याचा विमा काढावा, एवढीच इच्छा झाली.

एजंट भला माणूस. त्याने आधी 'भारत गृह रक्षा' काढली. १ एप्रिल २०२१ पासून आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने ही पॉलिसी ठेवलीच पाहिजे, असा नियामकाचा हुकूम आहे. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, सगळं एका कागदात. घरासोबत गॅरेज येतं, पार्किंग येतं, आउटहाऊससुद्धा येतं; फक्त ते राहण्यासाठी वापरात हवं. मी म्हटलं, मग झालंच की! राणी तिथेच राहते. मी माझ्या घरात राहतो त्याहून जास्त राहते. एजंटने प्रश्न वर पाठवला. वरून खुलासा आला की राहणारा माणूस हवा. मी विचारलं, घोड्या सांभाळणाऱ्या मोतद्दाराची खाट आत टाकली तर? त्यावर आपण उलट विचारलंत, मोतद्दार विडी ओढतो का?

गृहात बसेना म्हणून मग मला उद्योगात ढकललं. 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी, एका जागेवरच्या पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. इथे धंद्याचा प्रकार निवडावा लागतो. भोसरी-चाकण पट्ट्यात काय नाही? फाउंड्री, पावडर कोटिंग, रबर मोल्डिंग, पॅकिंगचे खोके. एजंटचं बोट मोबाईलवर खाली खाली सरकत गेलं, तबेला काही येईना. शेवटी त्याने 'गोदाम' दाबलं. लगेच पुढचा प्रश्न आला, मालाचं स्वरूप काय? तो म्हणाला, "घोडी लिहू का गवत?" गवत लिहिलं. तबेला क्षणात ज्वालाग्राही मालाचा साठा झाला आणि प्रीमियम राणीच्याही पुढे पळाला.

मग ताडपत्री निघाली. भिंतीला किंवा छताला गवत, बांबू, फळ्या, प्लॅस्टिक, ताडपत्री यातलं काही दिसलं की आपल्या लेखी बांधकाम कच्चं, आणि कच्च्याचा दर चढा. चार महिन्यांच्या ताडपत्रीने बारा महिन्यांची शेड कच्ची केली. काढून टाकतो म्हटलं, तर झड आत येते, गवत भिजतं. आणि भिजलेल्या गवताचा धोका निराळा. ओलं गवत दाबून रचलं की ते आतून आंबतं, तापतं आणि कधी कधी काडी न लावता पेटतं. शेतकऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो गंजीत हात घालून बघतो. आपल्यालाही ठाऊक आहे, म्हणून आगीच्या जुन्या पॉलिसीत आपण ते वगळलं होतंत. आपोआप पेटलेल्या मालाची भरपाई नव्हती. जादा पैसे मोजले तर हे वगळलेलं पुन्हा आत घेता येत होतं म्हणे. आधी गवत विकत घ्या, मग त्याची आगही विकत घ्या.

साहेब, तबेल्याच्या जोखमीवर मराठीत फार पूर्वी लिहून झालेलं आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ लष्कराचा तळ होता. तिथल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला तोशीस लावू नका, हा त्यातला भाग भाषणांत येतो. आगीचा भाग फारसं कुणी वाचत नाही, आणि मला तर तोच भारी वाटतो. महाराज बजावतात की पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणा-गवत आत्ताच उधळलात तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. कुणी स्वयंपाकासाठी आगट्या पेटवील, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल आणि शेजारी गवत आहे, वारा सुटलाय, हे बघणार नाही. कुणी दिवा तसाच ठेवून झोपेल आणि उंदीर जळती वात ओढून नेईल. एक पेटलं की सगळं जाईल. मग कुणब्यांवर कितीही जुलूम केला तरी लाकूड मिळायचं नाही, एक खण उभा राहायचा नाही.

आग कशाने लागेल, ती कशी पसरेल, पुन्हा बांधताना सामानाची काय दशा होईल, सगळं आलं. ज्याला आपण पुनर्बांधणी मूल्य म्हणता, ते घोड्याच्या छपराबाबत साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे. आणि उंदीर! आपल्या प्रपोजल फॉर्मात मोतद्दाराची विडी आहे, उंदराचं नावही नाही. माझ्याकडे कडबाकुट्टीच्या मोटरीची वायर उंदरांनी सोलून ठेवली होती. बोटभर तांबं लखलखत होतं आणि बरोबर त्याच्याखाली कुट्टीचा भुसा. उंदीर तोच, वात तेवढी बदलली. पण फरक बघा. धोका ओळखून महाराजांनी पहारा ठेवायला सांगितला, दिवे विझवायला सांगितले. पागा जळू शकते म्हणून पागाच नको, असं काही त्यांनी लिहिलं नाही.

परवडणाऱ्या विम्याचा मार्गही एजंटने सुचवला. शेड सहा लाखांची, विमा तीन लाखांचाच काढायचा, प्रीमियम निम्मा. मी खूष झालो. मग कलम वाचलं. मालमत्तेच्या निम्म्या किमतीचा विमा असेल तर नुकसानीचीही निम्मीच भरपाई. वादळाने दोन लाखांचे पत्रे उडाले की हातात एक लाख. पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट या पॉलिसीत माफ आहे. पन्नास टक्क्यांची कोण माफ करणार? वर जीएसटी. माझ्या स्वतःच्या आयुष्याच्या विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, घोडीच्या छपरावर अठरा टक्के कायम. माझा जीव स्वस्त झाल्याचा आनंद आहेच.

कागदांचं विचारू नका. गुंठेवारीतल्या शेडला बांधकाम परवाना दाखवा म्हणणं म्हणजे नवरदेवाला आधीच्या लग्नाचा दाखला मागणं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत महापालिकेचे बुलडोझर फिरले तेव्हापासून या भागात पत्र्याची शेड म्हटली की साहेब लोक भुवया उंचावतात, हे मान्य. पण पलीकडे तळवड्याकडे देहूरोडच्या दारूगोळा कोठाराचा रेड झोन आहे. तिथे हजारो माणसं निवांत झोपतात. आपली झोप माझ्या कडब्याने उडावी?

सरकारला जनावराची तरी आठवण आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडे, गाढवं, खेचरं, उंट यांच्या व्यवसायासाठी ५० टक्के, ५० लाखांपर्यंत भांडवली अनुदान आणलं आणि पशुविम्यात मालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला. राणीला घाटावर नेणाऱ्या टेम्पोला तर विम्याशिवाय रस्त्यावर यायची कायद्यानेच सोय नाही. म्हणजे घोडीला कागद आहे, टेम्पोला कागद आहे. ती टेम्पोतून उतरून गव्हाणीपाशी आली की आपल्या हिशेबातून गायब.

तेव्हा मागणं असं की धंद्यांच्या त्या यादीत 'तबेला' हा प्रकार घाला आणि दर लावण्याआधी कुणाला तरी इकडे पाठवा. गंजी शेडपासून लांब हलवा म्हणा, हलवतो. वायर पाइपातून घ्या, मोटरीला एमसीबी बसवा, आग विझवायचं सिलिंडर टांगा, रात्री फेरी मारा, सगळं करतो. फक्त हे केल्यावर दर किती उतरेल तेवढं आधी सांगा, कारण आजवर अटी वाढल्या तसा दरच वाढला आहे. एकट्याचा तबेला परवडत नसेल तर मोशी, चिखली, आळंदी, चाकणचे घोडीवाले एकत्र येतो, एकच पॉलिसी द्या. सगळ्यांचे तबेले एकाच रात्री पेटायचे नाहीत, हे गणित आपल्याला आमच्यापेक्षा चांगलं येतं. त्यावरच तर आपला धंदा उभा आहे.

आपला,
एक ज्वालाग्राही साठेदार

ता. क. : पत्र टाकायला निघालो आणि एजंटचा फोन आला. आपण तयार आहात म्हणे. शेडमध्ये गवत ठेवणार नाही, दिवा लावणार नाही आणि जनावर बांधणार नाही, एवढं पाचशेच्या स्टँपवर लिहून द्यायचं. प्रीमियम खरोखर परवडणारा आहे, होकार कळवला आहे. घोड्यांसाठी शेजारी दुसरी शेड उभारायचं कोटेशन मागवलंय.