दोन सूत माया

शाळेत ‘शाश्वत वस्त्र सप्ताह’ चालू आहे. नियम असे: पाल्याचा एक जुना कपडा घरीच दुरुस्त करायचा, शिंप्याकडे द्यायचा नाही, काम चालू असताना पालक आणि पाल्य आनंदी दिसतील असा एक फोटो जोडायचा आणि ‘या टाक्यामागची गोष्ट’ 80 शब्दांत लिहायची. एकूण गुण 10. त्यातले 3 आनंदाला.

घरात दुरुस्तीजोगा कपडा एकच निघाला. शाळेचीच पँट. करडी, खिशाला निळी किनार, बुडाशी वीतभर उसवलेली. सहावीतला मुलगा मधल्या सुट्टीत बाकावरून उड्या मारतो, एवढी कल्पना गणवेश शिवणाऱ्याला असायला हरकत नव्हती. पण ते जाऊ दे. उसवलंय तर शिवू, म्हणून मी सुईदोरा घेऊन बसलो, पँट उलटी केली आणि शिवणीत माया शोधू लागलो.

अजूनही शोधतोय.

ज्यांच्या घरी पायमशीन होतं त्यांना हे सांगायला नको. मुलांचा कपडा बेतताना मागच्या शिवणीत इंच-दीड इंच माया सोडायची, पायाच्या घडीत अडीच-तीन इंच. पोरगं वाढलं की उसवून सोडायची. जुन्या घडीची रेघ पायावर राहायची, आणि सातवी-आठवीतल्या निम्म्या वर्गाच्या पायांवर ती रेघ असे. कोणी कोणाला हसत नसे. या पँटीत माया आहे दोन सूत. मी पट्टी लावून मोजली. 8 सुतांचा एक इंच, म्हणजे पाव इंच, आणि तोही सगळा ओव्हरलॉकच्या दोऱ्यांत गुंडाळलेला. कारागिराच्या हातून राहून गेलं म्हणावं, तर तेही नाही. ओव्हरलॉकच्या मशीनला सुईशेजारी पातं असतं. शिवता शिवता ते कडेचं जास्तीचं कापड छाटत जातं. माया ठेवली नाही असं नव्हे, होती तीही कापली.

आता या दोन सुतांत दुरुस्ती कशी करायची ते पाहा. उसवलेल्या कडेला कापडाचे धागे सुटलेले. टाका पक्क्या कापडात बसवायचा तर दोन सूत आत सरकावं लागतं. दोन्ही बाजूंनी दोन-दोन सूत, म्हणजे बसायच्या जागी अर्धा इंच घेर कमी. पँट आधीच अंगाबरोबर. अर्ध्या इंचाने ती तंग झाली. तंग पँट घालून मुलगा बाकावरून उडी मारणार, पँट पुन्हा उसवणार, मी पुन्हा दोन सूत आत जाणार. या चालीने गणपतीपर्यंत ती धाकटीला येईल, नवरात्रात धाकटीच्या बाहुलीला, आणि दिवाळीत आम्ही ती कंदिलाला झिरमिळी म्हणून लावू. शाश्वत वस्त्र म्हणतात ते हेच असावं.

सुयांचीही गंमत बघा. हातशिलाईच्या सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते. मशीनच्या सुईचा नंबर वाढला की जाड होते. दुकानदाराने दोन्ही पाकिटं काउंटरवर ठेवली आणि ‘बघा, कुठली देऊ’ म्हणाला. 1846 साली अमेरिकेत टोकाला नेढं असलेल्या सुईच्या, दोन दोऱ्यांनी टाका घालणाऱ्या मशीनला पेटंट मिळालं. तेव्हापासून आजवर दोन्ही सुयांचे नंबर एका दिशेने मोजावेत असं एकाही शहाण्याला वाटलं नाही.

शिंप्याकडे द्यायचं नाही असा नियम आहे. शिंप्याला विचारायचं नाही असा नाही. मात्र आधी शिंपी सापडला पाहिजे. नवी मुंबई आखलेलं शहर. 95 गावांच्या जमिनीवर नोड, नोडात सेक्टर, सेक्टरात शाळेला भूखंड, बागेला भूखंड, मंडईला भूखंड. शिंप्याला भूखंड दिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. कोपरखैरण्यात तो जिन्याखाली बसतो, ‘फॉल-पिको, अर्जंट अल्टर’ अशा पाटीमागे, पाऊस तिरका आला की मशीनवर प्लॅस्टिक टाकून. त्याने पँट उलटी केली, शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाला, ‘साहेब, यात माया कुठाय?’

‘तेच तर.’

‘मी हात लावला तर माझ्या नावावर फाटेल. आतून पट्टी जोडा. पण हा शेड बाजारात मिळायचा नाही, सांगून ठेवतो. शाळेसाठी वेगळा काढून घेतात.’

इथे माझं डोकं फिरलं. वेगळा काढून घेतात! म्हणजे कापड असं, की दुसरीकडे मिळू नये. शिवण अशी, की सोडता येऊ नये. रंग असा, की तीन वर्षांनी बदलता यावा. माझ्या पुतण्याच्या याच शाळेच्या दोन धडधाकट पँटी माळ्यावर पडून आहेत, पण त्या साध्या करड्या आणि आताचा करडा ‘स्टील ग्रे’. निळ्या किनारीशिवाय वर्गात शिस्त राहत नाही म्हणे. दुकान एकच, पावती एकच, किंमत 1,150 रुपये, आणि पावतीवर छापलेलं, ‘अल्टर केलेला माल परत घेतला जाणार नाही.’ अल्टर करायला आत ठेवलंय काय तुम्ही? मुलगे ऐन वाढीच्या वर्षांत वर्षाला आठ-नऊ सेंटीमीटर उंच होतात. हे शाळेलाही ठाऊक आहे, कारण शाळाच दरवर्षी त्यांची उंची मोजून प्रगतिपुस्तकात लिहिते. तीन इंच वाढणाऱ्या पोराला पायात अर्ध्या इंचाची घडी देता, आणि वसुंधरा वाचवायला मला बसवता, तेही हसत? फ्रान्समध्ये 2023 पासून कपडे-बूट दुरुस्त करून घेतले तर बिलात 6 ते 25 युरोंपर्यंत सूट मिळते, आणि काम कोणाकडे? तर शिंप्या-चांभारांकडे. तिथे कोणी ग्राहकाचे दात मोजत नाही. आमच्याकडे जिन्याखालच्या त्या माणसाला चार पैसे मिळू नयेत म्हणून नियम क्रमांक दोन लिहिला गेला, आणि त्याला नाव काय, तर स्वावलंबन! एका मीटरमागे चार बोटं कापड वाचवून कोणाचे किती वाचतात ते मला माहीत नाही. माझे 1,150 जातात, एवढं माहीत आहे.

असो. जुन्या दप्तराचं अस्तर कापून आतून पट्टी लावली, दुहेरी दोऱ्याने हातटीप घातली. नख ओढलं तरी हलणार नाही अशी. फोटो काढताना मुलगा सारखा म्हणत होता, ‘बाबा, हसा ना, माझे मार्क जातील.’

10 पैकी 7 मिळाले. शेरा: ‘काम उत्तम. पालक तणावात दिसतात.’

त्याच आठवड्यात पोरगं ती पँट घालून शाळेत गेलं आणि डायरीत लाल शाईत दुसरा शेरा घेऊन आलं: ‘गणवेशाला ठिगळ दिसत आहे. सोमवारपर्यंत नवीन घ्यावा.’ दोन्ही शेऱ्यांखाली सही एकच.

रविवारी दुकानात गेलो. 28 ची साईज संपलेली. 30 ची होती. ‘कमरेला ढगळ होईल,’ मी म्हटलं.

‘अहो, त्यात काय,’ पावती फाडता फाडता काउंटरवरचा म्हणाला, ‘घरीच जरा आत घ्या की.’